बाटलीवर एवढं तरी लिहा

वनौषधींच्या गोळ्या, अर्क आणि चूर्णं तयार करणाऱ्या सर्व उत्पादकांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या बाटल्यांवर एक वाक्य हमखास असतं : ‘पूर्णपणे नैसर्गिक, कोणतेही दुष्परिणाम नाहीत.’ हे पत्र त्या वाक्याबद्दल आहे.

मी तीसेक वर्षं फार्माकॉग्नॉसी शिकवली. औषधी वनस्पती ओळखायच्या कशा, त्यांतली कामाची द्रव्यं वेगळी काढायची कशी आणि मोजायची कशी, हा तो विषय. सोनामुखीच्या पानांची भुकटी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवून ‘सांग, हे काय आहे?’ असं विचारण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. त्यामुळे झाडपाल्याला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. उलट माझी तक्रार अशी आहे की तुमचाच त्याच्यावर पुरेसा विश्वास दिसत नाही.

कसं, ते सांगते. पोटात गेलेलं द्रव्य रक्तदाब उतरवतं, दुखणं थांबवतं किंवा झोप आणतं, तेव्हा ते शरीरातल्या कुठल्या ना कुठल्या प्रथिनाला जाऊन चिकटलेलं असतं. जे एका ठिकाणी चिकटतं ते दुसरीकडेही चिकटू शकतं, आणि प्रमाण वाढलं की चिकटतंच. ज्याचा कुणावर, कितीही घेतलं तरी, काडीचाही वाईट परिणाम होत नाही, त्याचा चांगला परिणाम होण्याची आशाही फारशी धरू नये. म्हणजे ‘दुष्परिणाम नाहीत’ असं छापून तुम्ही एका परीनं ‘आत काही नाही’ अशीच जाहिरात करता. आणि आत तर बरंच काही असतं.

झाडं ही रसायनं आपल्यासाठी बनवत नाहीत, हे मी पहिल्याच तासाला सांगायचे. झाडाला पळता येत नाही, ओरडता येत नाही. पान कुरतडणारी अळी, खोडात शिरणारी बुरशी, मुळाशी येणारा किडा, या सगळ्यांना जागच्या जागी उभं राहून तोंड द्यायचं, तर रसायनशास्त्राशिवाय दुसरं हत्यार नाही. कॅफीन हे कीटकांचं विष आहे. लसणाची पाकळी अख्खी असेपर्यंत तिच्यात ॲलिसिन जवळजवळ नसतंच. पाकळी चिरडली की वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले ॲलिइन हे द्रव्य आणि ॲलिइनेज हे विकर (एन्झाइम) एकत्र येतात आणि काही सेकंदांत ते झणझणीत द्रव्य तयार होतं. चावणाऱ्याला दिलेलं ते उत्तर आहे. सदाफुलीच्या पानांतली व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन पेशींचं विभाजन मध्येच थांबवतात, म्हणून ती रक्ताच्या कर्करोगावर चालतात. १९५८ साली कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांच्या हाती व्हिन्ब्लास्टीन आलं ते खरं तर अपघातानं. सदाफुलीचा अर्क मधुमेहावर चालतो का हे बघायला गेले, साखर काही उतरली नाही, उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र धडाधड कमी झाल्या. आज ल्युकेमियाच्या कितीतरी मुलांच्या उपचारात व्हिन्क्रिस्टीन असतं, आणि तेही मिलिग्रॅमच्या हिशेबात, शिरेतून, डोळ्यांत तेल घालून. याच औषधानं हातापायांच्या नसा बधिर होतात. नैसर्गिक आहे ते. शंभर टक्के.

आता घरातली गोष्ट. माझ्या थोरल्या बहिणीचा रक्तदाब बरीच वर्षं एका गोळीवर ताब्यात होता. मग तो चढू लागला. दुसरी गोळी आली, मग तिसरी. पायांवर सूज, जिना चढताना मांड्यांत जोर नाही. रक्त तपासलं तर पोटॅशियम खाली. मूत्रपिंडं पाहून झाली, त्यांच्यावरच्या अधिवृक्क ग्रंथी पाहून झाल्या, काही सापडेना. तिसरी गोळी लघवी वाढवणारी होती, त्यामुळे उरलंसुरलं पोटॅशियमही वाहून जात होतं. चार महिने हा घोळ चालला. मी भेटायला गेले तर उशाशी एक बाटली. पित्तासाठी ज्येष्ठमधाच्या अर्काच्या गोळ्या, दिवसातून तीनदा. ‘डॉक्टरांना हे सांगितलंस का?’ म्हटलं, तर म्हणाली, ‘अगं, झाडपाल्याचं आहे ते. ते काय सांगायचं?’

आणि तिचं काय चुकलं? बाटलीवर तेच लिहिलं होतं.

ज्येष्ठमधाचं हे वागणं औषधशास्त्राच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात आहे. त्याच्या मुळातलं ग्लायसिरायझिन आतड्यात मोडून ग्लायसिरेटिनिक आम्ल तयार होतं. आपल्या मूत्रपिंडात एक विकर असतं. शरीरातलं कॉर्टिसोल तिथल्या मीठ धरून ठेवणाऱ्या यंत्रणेला हात लावू नये, म्हणून ते त्याला दाराशीच निष्क्रिय करतं. ग्लायसिरेटिनिक आम्ल त्या विकरालाच अडवतं. मग कॉर्टिसोल मोकाट आत शिरतं, मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम बाहेर जातं, रक्तदाब चढतो. युरोपीय आयोगाच्या वैज्ञानिक समितीनं २००३ साली ग्लायसिरायझिनची दिवसाची मर्यादा सर्वसाधारण माणसासाठी १०० मिलिग्रॅम सुचवली. ताईच्या गोळीत ते किती होतं? ठाऊक नाही, कारण बाटलीवर ‘ज्येष्ठमध अर्क’ एवढंच होतं. मी त्या कंपनीला पत्र लिहून आकडा विचारला. उत्तर दोन ओळींचं आलं : आमचं उत्पादन संपूर्ण वनस्पतिजन्य असून सुरक्षित आहे. गोळ्या बंद केल्यावर काही आठवड्यांत ताईचा रक्तदाब पूर्वीच्या एका गोळीवर आला. म्हणजे तुमचं औषध चांगलं ‘लागू’ पडत होतं. फक्त कशाला लागू पडत होतं, ते कुणी सांगितलं नव्हतं.

तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, हा एका कंपनीचा निष्काळजीपणा. बरं. मग आपल्या धंद्याच्या खऱ्या मूळ पुरुषाकडे जाऊ. विल्यम विदरिंग हा इंग्लंडमधला डॉक्टर आणि वनस्पतींचा पक्का जाणकार. १७७५ मध्ये त्याच्याकडे अंगावर पाणी चढण्याच्या रोगावरचा एक घरगुती नुस्खा मत देण्यासाठी आला. श्रॉपशायरमधल्या एका म्हातारीनं तो गुपित ठेवला होता आणि त्यात वीसेक वनस्पती होत्या. त्यातली काम करणारी फॉक्सग्लव्ह, म्हणजे डिजिटालिस, हे त्यानं ओळखलं. एवढ्यावर थांबून बाटल्या भरल्या असत्या तर तो तुमच्यातलाच एक झाला असता. पण तो दहा वर्षं त्या एका झुडपामागे लागला. मुळांपेक्षा पानं बरी, पानांचा जोरही ऋतूप्रमाणे बदलतो, म्हणून ती फुलण्याच्या वेळीच तोडायची, वाळवून भुकटी करायची आणि ती तोलून द्यायची, हे त्यानं ठरवलं. १७८५ साली पुस्तक काढलं त्यात दीडशेहून अधिक रुग्णांच्या नोंदी दिल्या, आणि नुसते बरे झालेले निवडून दिले नाहीत. जिथं फसलं तेही दिलं. जास्त मात्रेत काय होतं तेही : उलट्या, वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसणं, नाडी मिनिटाला ३५ पर्यंत उतरणं, मृत्यू. अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या पुस्तकात वनस्पती, तिचा भाग, तोडण्याची वेळ, मात्रा आणि धोका सगळं आहे. तुमच्या बाटलीवर यातलं काय आहे ते काढून बघा. पुढे याच कुळातल्या झुडपातून निघालेलं डिगॉक्सिन अजून वापरात आहे. रक्तात त्याचं प्रमाण मिलिलिटरला एक नॅनोग्रॅमच्या आत ठेवायचं असतं, दोनच्या वर गेलं की विषबाधेची धास्ती. हे मोजल्याशिवाय देणं म्हणजे डोळे मिटून गाडी हाकणं.

दुसरी गोष्ट तू यूयू या चिनी शास्त्रज्ञ बाईंची. यातलं अर्धं तुम्हाला पाठ असेल, कारण ‘प्राचीन ग्रंथातून नोबेल’ असं तुम्ही जाहिरातीत वापरता. उरलेलं अर्धं असं. हिवतापावरचं नवं औषध शोधण्यासाठी चीननं १९६७ मध्ये एक गुप्त प्रकल्प काढला होता. तू यूयूंच्या गटानं आर्टेमिसिया ॲन्युआ (आपल्या दवण्याची ही नात्यातली) तपासली, तेव्हा परिणाम कधी दिसायचा, कधी नाही. चौथ्या शतकातल्या गे होंग या चिनी वैद्याच्या ग्रंथात त्यांना ओळ सापडली : मूठभर वनस्पती पाण्यात भिजवा, पिळून रस काढा आणि सगळा प्या. उकळण्याचं नाव नाही. म्हणजे आपण उष्णतेनं द्रव्य मारत तर नाही? त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरनं अर्क काढायला सुरुवात केली. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाचा नमुना उंदरांतल्या हिवतापावर शंभर टक्के चालला. मग माणसांवर देण्याआधी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तो स्वतः घेतला. पुढच्याच वर्षी आर्टेमिसिनिन शुद्ध रूपात हाती आलं. त्याच्या रेणूत दोन ऑक्सिजन अणूंचा एक पूल आहे. परोपजीवी रक्तातलं हिमोग्लोबिन पचवत असताना सुटणाऱ्या लोहयुक्त हीमशी गाठ पडली की तो पूल तुटतो आणि त्यातून निघालेले तुकडे परोपजीवीचाच नाश करतात. २०१५ चं नोबेल याचं.

ग्रंथानं दिशा दिली, हे खरंच आहे आणि मला त्याचा अभिमानही वाटतो. पण दिशा मिळाल्यावर १९० नमुने टाकून द्यावे लागले, हेही त्याच गोष्टीत आहे. आणि आज जागतिक आरोग्य संघटना याच वनस्पतीचा चहा किंवा पाला हिवतापावर वापरू नका असं सांगते, कारण त्यात द्रव्य किती उतरेल याचा भरवसा नाही आणि अपुऱ्या मात्रेनं रोग बरा न होता परोपजीवी मात्र औषधाला सरावण्याची भीती. तीच वनस्पती, तेच द्रव्य. फरक आकड्याचा.

आकड्यावरून तुमचं लाडकं कर्क्युमिन आठवलं. हळदीच्या कंदात हे पिवळं द्रव्य साधारण तीन टक्के, कमी-जास्त. काचेच्या ताटलीतल्या पेशींवर ते ओतलं की त्याचे नाना गुण दिसतात, आणि तुमच्या माहितीपत्रकांचा पाया ती ताटलीच असते. माणसाच्या पोटात मात्र ते शोषलंच जात नाही म्हटलं तरी चालेल. जे थोडं शोषलं जातं त्याला यकृत लगेच गुंडाळून बाहेरची वाट दाखवतं. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वयंसेवकांना दोन ग्रॅम कर्क्युमिन दिलं तर रक्तात ते नावालाच सापडलं. सोबत मिरीतलं पायपरिन २० मिलिग्रॅम दिलं, तेव्हा शोषण वीस पटींनी वाढलं. ‘अनुपान’ ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे, तिचं इतकं देखणं उदाहरण दुसरं नाही. तुम्हीही लगेच गोळीत पायपरिन घातलं. पण पायपरिन ही किमया करतं ती शरीराची बाहेर काढण्याची यंत्रणा मंद करून, आणि ती यंत्रणा फक्त कर्क्युमिनसाठी बसवलेली नाही. फेनिटॉइन, रक्तदाबावरचं प्रोप्रॅनोलॉल, दम्यावरचं थिओफिलीन यांचीही पातळी पायपरिननं वाढते, हे दाखवून झालं आहे. फिट येऊ नये म्हणून फेनिटॉइन घेणाऱ्या माणसाला हे बाटलीवर वाचायला मिळायला नको? जास्त शोषल्या जाणाऱ्या हळदीच्या गोळ्यांनी यकृताला सूज आल्याच्या नोंदी अलीकडे वाढल्या आहेत. शोषण वाढवलं की परिणाम वाढणार. दोन्ही बाजूंचे.

उलट्या दिशेचा खेळ हायपेरिकमचा. सौम्य ते मध्यम नैराश्यावर ही वनस्पती खरोखर चालते, अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावाही तिच्या बाजूनं आहे. पण तिच्यातलं हायपरफोरिन यकृतातल्या विकरांना जोरात कामाला लावतं, आणि ती इतर औषधांचा फडशा पाडतात. २००० साली झुरिचमधल्या हृदयरोपण झालेल्या दोन रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. दोघांनी हायपेरिकम सुरू केलं, शरीरानं नवा अवयव नाकारू नये म्हणून देतात त्या सायक्लोस्पोरिनची रक्तातली पातळी घसरली आणि शरीर नवं हृदय नाकारू लागलं. वेळेत कळलं, गोळ्या थांबवल्या, निभावलं. गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन, एचआयव्हीवरची काही औषधं, यांचंही तेच होतं. एका ओळीत मावणारी सूचना आहे ही.

यावर तुमची दोन उत्तरं मला माहीत आहेत. चर्चासत्रांत ऐकली आहेत, चहाच्या वेळी जास्त.

पहिलं : हजारो वर्षं लोक हे घेत आलेत, काही वाईट असतं तर कळलं नसतं का? लगेच मारणारं विष कळतं. संध्याकाळी खाल्लं आणि रात्री माणूस गेला, तर गाव ते झाड कायमचं ओळखतं. दहा वर्षांनी मूत्रपिंड निकामी करणारं विष परंपरेला कळत नाही. ॲरिस्टोलोकिया ही वनस्पती शतकानुशतकं, अनेक देशांत, औषध म्हणून चालली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका वनस्पतीऐवजी ही घातली गेली. दोघींची चिनी नावं जवळजवळ सारखी, पूड सारखी दिसणारी. शंभरहून अधिक जणींची मूत्रपिंडं बिघडली आणि पुढे त्यांच्यातल्या अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. ॲरिस्टोलोकिक आम्ल आज माणसात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात आहे. सूक्ष्मदर्शक, साधी क्रोमॅटोग्राफी, एवढ्यानं ती अदलाबदल पकडता आली असती. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी पकडली असती. आणि आपल्या पूर्वजांच्या काळात नुस्ख्याशी भांडायला सायक्लोस्पोरिन नव्हतं, हेही लक्षात घ्या.

दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे : वनस्पतीत पन्नास द्रव्यं असतात, ती मिळून काम करतात, एकच द्रव्य मोजून तुम्ही आत्माच काढून घेता. हे मी थट्टेवारी नेणार नाही. एकटं वेगळं काढलेलं द्रव्य घात करू शकतं. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला. भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्यांत मात्र तो कमी दिसत आला होता. तेव्हा समुच्चयाला अर्थ आहे. पण मग तो समुच्चय दर खेपेला तोच असल्याची हमी द्यायला नको? मूळ कुठल्या मातीतलं, किती वर्षांचं, कधी खणलं, किती दिवस पडून होतं, यावर ग्लायसिरायझिन पटींनी बदलतं. पन्नास द्रव्यांचं संगीत म्हणता, तर निदान पाच-सहा सुरांचा आलेख प्रत्येक खेपेचा काढा आणि जवळ ठेवा. एकही सूर न मोजता मैफल जमली असं म्हणणं सोपं आहे. गिंको बिलोबाचा अर्क हे करून दाखवतो. २४ टक्के फ्लॅव्होन ग्लायकोसाइड्स, ६ टक्के टर्पीन लॅक्टोन्स, असा तो बांधलेला असतो. एवढा नेमका असल्यामुळेच २००८ मध्ये तीन हजार वृद्धांवरच्या चाचणीत तो स्मृतिभ्रंश टाळत नाही, हेही नेमकं कळलं. निकाल मनासारखा आला नाही खरा, पण आकडा छापला की असा निकाल लागू शकतो. तुमची भीती तीच आहे का? आपसांत विचारून बघा.

करता येतं, हे सोनामुखी सांगते. तिच्या गोळीवर सेनोसाइड्स किती मिलिग्रॅम ते लिहिलेलं असतं. ते द्रव्य मोठ्या आतड्यात पोचून तिथल्या जिवाणूंनी मोडल्याशिवाय काम करत नाही, म्हणून रात्री घेतलेली गोळी सकाळी लागू होते. ही माहितीही मिळते. इसबगोलाच्या पाकिटावर ते भरपूर पाण्याबरोबर घ्या, नाहीतर घशात अडकेल, असं असतं. मिरचीतल्या कॅप्सेसिनची आठ टक्क्यांची पट्टी मज्जातंतूंच्या वेदनेवर मिळते, तीही किती मिनिटं ठेवायची या सूचनेसह. या तीन वनस्पतींना कुणी कमी नैसर्गिक म्हणत नाही.

तर मागणं एवढंच. वनस्पतीचं शास्त्रीय नाव छापा, नुसतं बोलीतलं नको. कुठला भाग, मूळ की पान की साल, ते छापा. किती ग्रॅम वनस्पतीपासून किती अर्क, आणि एका गोळीत मुख्य द्रव्य किती मिलिग्रॅम, ते छापा. कोणत्या औषधांसोबत घेऊ नये, गरोदरपणी आणि शस्त्रक्रियेआधी काय करावं, आणि ‘डॉक्टरांना ही बाटली दाखवा’ हे शब्द. जागा पुरत नसेल तर ते पहिलं वाक्य काढून टाका, बरीच जागा होईल.

ताईची ती बाटली माझ्या टेबलावर आहे. तिच्यावर मी माझ्या अक्षरात एक कागद चिकटवला आहे : ‘ग्लायसिऱ्हायझा ग्लाब्रा, मूळ. प्रत्येक गोळीत ग्लायसिरायझिन ____ मिग्रॅ.’ तो आकडा फक्त ज्यांनी गोळी बनवली त्यांच्याकडेच असू शकतो. त्यांना मी दुसरं पत्र टाकलं आहे. उत्तर आलं की रिकामी जागा भरीन.

आपली,
फार्माकॉग्नॉसीची एक निवृत्त शिक्षिका